मदत हवी आहे: हायवेवर गाडी उचलताना हेल्परला ठोकर, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) दिली

विल्होळीची_ताई

मंडळी, कायद्याची माहिती असलेल्यांनी आणि हायवेवर काम करणाऱ्यांनी जरा लक्ष घाला.

धाकट्या भावाची टोइंग क्रेन आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर घोटीपासून ओझरपर्यंत बंद पडलेल्या, ठोकलेल्या गाड्या उचलायचं काम. फोन आणि हिशेब माझ्याकडे. मागच्या पंधरवड्यात राजूर बहुल्याजवळ रात्री एक कार उचलत होते. कार डाव्या कडेला, आमचा हेल्पर रस्त्याच्या बाजूने वाकून चाकाला पट्टा लावत होता. मुंबईकडे निघालेली एक पिकअप इतकी खेटून गेली की तिचा डावा आरसा त्याच्या कोपरावर बसला. हाड मोडलं, आत प्लेट टाकावी लागली. पिकअपवाला थांबला नाही. नंबर कुणाला दिसला नाही, आरशाचं काळं कव्हर तेवढं रस्त्यावर पडलं होतं. ते भावाने पोत्यात घालून ठेवलंय.

ठाण्यात एनसी लिहून हातात दिली. वर ऐकवलं की रस्त्यात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मग आम्ही गाड्या उचलायच्या कुठून, गच्चीवरून?

चुलतभाऊ टेक्ससमध्ये आहे. तो म्हणाला, तिकडे टोइंगची गाडी दिवे लावून उभी असली की शेजारची लेन सोडावी लागते, नाहीतर वेग हद्दीपेक्षा ताशी 20 मैलांनी खाली आणावा लागतो. नाही केलं तर दंड. आपल्याकडे असं काही आहे का? एनसीचं पुढे काय करायचं? आणि पोराच्या खर्चाचं काय? त्याची कमाई बंद आहे, घरी दोन लहान मुलं.

कोर्टाची_पायरी

ताई, आधी एनसीचं बघू. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे गंभीर दुखापत. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे ती केली तर 125(ब): 3 वर्षांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत 281, बेदरकार वाहन चालवणे. दोन्ही दखलपात्र, म्हणजे एफआयआरच व्हायला हवा, एनसीवर भागत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 134 आहे. जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ड्रायव्हरवर बंधनकारक आहे.

दवाखान्याचे कागद, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तरीही नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) प्रमाणे तीच तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

ते आरशाचं कव्हर पुसू-धुऊ नका, पंचनाम्यात जमा करा. त्यावरून गाडीचं मॉडेल कळतं. पिकअप मुंबईकडे जात होती ना? पुढे घोटीचा टोलनाका आहे. डावा आरसा नसलेली पिकअप तिथल्या कॅमेऱ्यात दिसू शकते. फुटेज फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून तक्रारीत वेळ टाकून ते राखून ठेवायची मागणी आजच करा.

पंचवटी_एक्सप्रेस

अमेरिकेचं कौतुक पुरे. तिथेसुद्धा आभाळातून पडला नाही हा नियम. साउथ कॅरोलिनाने 1996 मध्ये केला आणि सगळी 50 राज्यं व्हायला 2012 उजाडलं, शेवटचं हवाई. पोलीस आणि रुग्णवाहिकांपासून सुरुवात, टोइंगवाले बऱ्याच ठिकाणी नंतर आले.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194ई आलं. अग्निशमन किंवा रुग्णवाहिका येत असताना बाजूला झाला नाहीत तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पण हे कलम मागून येणाऱ्या गाडीसाठी आहे. तीच रुग्णवाहिका कडेला उभी राहून पेशंट उचलत असेल तर त्यात काही नाही. क्रेनची तर गोष्टच सोडा. तुमच्या पिकअपवाल्याला फार तर 184, धोकादायक ड्रायव्हिंग. त्यालाही पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 दंड किंवा 6 महिने ते वर्षभर कैद.

कोर्टाची_पायरी

@पंचवटी, बरोबर. एक जुनी गोष्ट जोडतो. 1989 च्या रस्ता नियमावलीत रस्तादुरुस्तीच्या मजुरांजवळून जाताना ताशी 25 किमीपेक्षा जास्त वेग नको असं स्पष्ट लिहिलं होतं. मिरवणूक आणि संचलन करणारे जवानही त्याच ओळीत. 2017 मध्ये त्या नियमावलीच्या जागी नवी आली. मी इतकी वर्षं कोर्टात उभा आहे, त्या 25 साठी कुणाला चलन झाल्याचं ऐकलं नाही.

पायलट_108

ताई, मी रुग्णवाहिका चालवतो. कायद्याचं वकील बघतील, मी रस्त्यावरचं सांगतो. 80 च्या वेगाने येणारा सेकंदाला 22 मीटर कापतो. डुलकीतून जागा होऊन ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तो 40 मीटर आलेला असतो. म्हणून इशाऱ्याचा त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवून उपयोग शून्य. हायवेवर शंभर पावलं मागे तरी पाहिजे, आणि वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे. कसाऱ्याच्या घाटात धुकं असलं की आम्ही एक माणूस नुसता टॉर्च घेऊन मागे उभा करतो, तोही कठड्याच्या पलीकडे.

क्रेन सरळ लावू नका, थोडी तिरपी लावा. पुढची चाकं कडेला वळवून ठेवा, म्हणजे मागून कुणी आदळलं तर क्रेन तुमच्या माणसावर न येता शेतात जाईल. पट्टा शक्यतो कडेच्या बाजूने लावा. रस्त्याच्या बाजूचं चाक बांधायचंच असेल तर दुसऱ्याने मागे तोंड करून उभं राहायचं, तोंडात शिट्टी. मोबाईल खिशात. रेट्रोचं (उजेड पडला की चमकणारं) जॅकेट घाला, पण धुळीने माखलेलं जॅकेट रात्री दिसत नाही, धुवा ते. लाल-निळा दिवा मात्र लावू नका, तो आमच्यासारख्या गाड्यांसाठी आहे, उगाच वेगळी केस ओढवून घ्याल. आणि मोठं काम असेल तर 1033 ला फोन करून हायवेची पेट्रोलिंग गाडी मागवा, ती मागे उभी राहिली की फरक पडतो.

विल्होळीची_ताई

सगळ्यांचे आभार. पायलट दादा, तुमचा मेसेज भावाला वाचून दाखवला. तो म्हणतो तिरपी लावली तर पोलीसच ओरडतात की लेन अडवली!

पायलट_108

ओरडू दे. शोल्डरच्या (रस्त्याकडेच्या पट्टीच्या) आत जेवढी बसेल तेवढी तिरपी.

साइटवरचा_इंजिनियर

कुंभमेळ्याच्या कामांवर आहे, त्यामुळे हे रोजचंच. रस्त्याच्या कामासाठी आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी 55 ही मार्गदर्शिका आहे. त्यात आधी इशाऱ्याचा पट्टा, मग लेन हळूहळू आत घेणारा, मग कामाची जागा आणि शेवटी वाहतूक पुन्हा मोकळी करणारा पट्टा अशी रचना सांगितलीय. कागदावर सगळं असतं. साइटवर वाहतुकीचे चार कोन आणि झेंडा धरलेली एक बाई, तीही उन्हाची झाडाच्या सावलीत. कोन रात्री चोरीला जातात हेही खरं. रस्त्याची सुरक्षा-मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं तर कंत्राटदाराला मोटार वाहन कायद्याच्या 198ए खाली 1 लाखापर्यंत दंड आहे. तुमच्या केसला लागू नाही, पण आमच्या झेंडेवाल्या बायकांसाठी सांगून ठेवतो.

कोर्टाची_पायरी

पैशाचा मुद्दा राहिला. गाडी सापडली नाही तर हिट अँड रन योजना आहे: 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50,000. अर्ज तुमच्या भागाच्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून. इथेही एफआयआरची प्रत लागते, म्हणून आधी तो. गाडी सापडली तर तिच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा, अपघातापासून 6 महिन्यांच्या आत.

आणि ताई, कटू आहे पण सांगतो. हेल्पर तुमच्या भावाचा कामगार आहे. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 प्रमाणे (नोव्हेंबर 2025 पर्यंत कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 होता) मालक म्हणून भावावरही जबाबदारी येते. हेल्पर कामावर येऊ शकत नाही तेवढ्या काळात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के. क्रेनच्या विम्यात कामगारांसाठीचा प्रीमियम भरलाय का, पॉलिसी काढून बघा.

विल्होळीची_ताई

पॉलिसी काढली. ड्रायव्हरचा भरलाय, हेल्परचा रकाना कोरा आहे. रक्कम आमच्याच खिशातून जाणार, तर ती हातात रोख द्यायची की बँकेतून? आणि त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं? उद्या सकाळी तक्रार द्यायला निघतोय, त्याआधी सांगितलंत तर बरं.

कोर्टाची_पायरी

बँकेतूनच, आणि समोर कारण लिहून. "आता काही मागणी नाही" असलं काहीही त्याच्याकडून लिहून घेऊ नका. कायद्याने मिळणारा हक्क तशा कागदाने जात नाही, उलट तुम्हीच दबाव टाकल्यासारखं दिसतं. तक्रारीचा मसुदा इथे टाका, नावं खोडून. रात्री बघतो.