मदत हवी आहे: ५६००जी की १२१००? (शनिवारच्या आत सांगा)

ओंकार_धायरी | गुरुवार, रात्री १०:४०

डेस्कटॉप जोडायचाय. बजेट ३५ हजार, ताणून ३७. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेऊ की इंटेल आय३ १२१००? यूट्यूबवर एकेक जण एकेक सांगतो, डोकं उठलंय. गेमिंग नाही. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), रॅम, हार्डडिस्क सगळं जुनं आहे तेच वापरणार. म्हणजे फक्त प्रोसेसर आणि बोर्ड. शनिवारी तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जातोय, त्याआधी सांगा. आणि कृपया ‘गूगल कर’ म्हणू नका, करून झालंय.

खडकीचा_खविस | रात्री १०:५८

कशासाठी हवाय तेवढं सोडून सगळं लिहिलंस. मॉनिटरला मागे कुठली पिन आहे? रॅम डीडीआर किती, म्हणजे कुठल्या पिढीची? मशीन कुठल्या साली घेतलं होतं? विंडोज कुठलं टाकणार?

फुकटचा_सल्ला | रात्री ११:०५

नवीन घेऊच नका. हिंजवडीच्या कंपन्यांमधून वापरलेली मशीन ढिगाने निघतात. आठव्या पिढीचा आय५ बघा, विंडोज ११ आरामात चालतं. त्याच्या मागची पिढी घेऊ नका, ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही आणि १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी दोन घेतलीत, एक मुलीला, एक दुकानात. अजून कुरकुर नाही.

ओंकार_धायरी | रात्री ११:११

सेकंडहँड नकोय, एकदाच काय ते नवीन घ्यायचंय. वापर घरगुतीच हो, टायपिंग वगैरे. रॅम २ जीबीच्या दोन आहेत. मॉनिटरला निळी पिन आहे, स्क्रूवाली. आता सांगा, ५६००जी की १२१००?

नर्मदेचा_गोटा | रात्री ११:२०

५६००जी. डोळे झाकून. सहा कोर (म्हणजे काम करणारी सहा डोकी), बारा थ्रेड, आतलं ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा कितीतरी बरं. १२१०० मध्ये चारच कोर. विषय संपला.

खडकीचा_खविस | रात्री ११:३४

विषय कसला संपला? टायपिंगला ५६००जीचं वेगा ग्राफिक्स काय करायचंय, अक्षरं जास्त काळी दिसणार आहेत का? १२१०० चा एकेक कोर ५६००जीपेक्षा जलद आहे आणि वर्ड, ब्राउझर असल्या कामात तोच जाणवतो. शिवाय ५६००जीच्या ग्राफिक्सचा खरा फायदा हवा तर रॅमच्या दोन काड्या लावाव्या लागतात, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच खातं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते बघितलंस का गोट्या?

ओंकार, तुझी २ जीबीची रॅम बहुतेक डीडीआर२ असणार. या दोन्ही प्रोसेसरना ती चालत नाही. चालत नाही म्हणजे खाचेतच बसत नाही, जोर लावू नकोस. तेव्हा ‘फक्त प्रोसेसर आणि बोर्ड’ हे विसर. रॅम घ्यावी लागेल, जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घे, आणि जुनी एसएमपीएस नव्या बोर्डाला लावू नकोस. दहा-बारा वर्षांची असेल तर भंगारातच दे.

नर्मदेचा_गोटा | रात्री ११:४१

उद्या पोराने एखादा गेम टाकला तर? सोय असलेली बरी.

खडकीचा_खविस | रात्री ११:४३

कुठल्या पोराने? त्याने पोराचं नावही काढलेलं नाही.

पेठेतला_पोपट | रात्री ११:५०

लॅपटॉप का घेत नाही? डेस्कटॉप आता घेतं कोण!

जुना_सोल्डर | शुक्रवार, सकाळी ७:१५

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, माझे सहा हजार त्यात अडकले होते. १२१०० आणि १२१००एफ दिसायला सारखे, खोक्यावर एका अक्षराचा फरक. एफवाल्यात ग्राफिक्स नसतंच. थोडा स्वस्त पडतो म्हणून मी खुशीत घेऊन आलो, रात्री जोडला, पंखे फिरतायत, दिवे लागतायत, पडदा मात्र काळा ठिक्कर. दोन दिवस केबल बदलत बसलो. रायझनमध्ये याच्या उलट आहे: तिथे ५६००जीच्या शेवटचं ‘जी’ म्हणजे ग्राफिक्स, नुसत्या ५६०० ला किंवा ५५०० ला नाही. दुकानदाराने खोकं समोर ठेवलं की आधी अक्षर वाचायचं, मग भाव विचारायचा.

बोर्डाचंही बघ. एएमडी (म्हणजे रायझन) घेतलास आणि दुकानात जुना ए५२० किंवा बी४५० पडून असेल तर त्याचं बायॉस (बोर्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ५६००जीला ओळखेलच असं नाही. दुकानातच अपडेट करून, चालू करून दाखवायला सांग. इंटेलला एच६१० बोर्ड पुरे, पण डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा हे बघून घे, एकाच नावाने दोन्ही मिळतात. निळी पिन म्हणजे व्हीजीए. या स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा ती असते, पण मागची पट्टी डोळ्याने बघून खात्री कर. नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लागेल.

आणि पक्कं बिल. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हे वाक्य ऐकू येणारच. तीन वर्षांची वॉरंटी त्या अठरा टक्क्यांतच असते.

पेठेतला_पोपट | सकाळी ८:०२

तपकीर गल्लीत गाडी नेणार असाल तर डेस्कटॉपच्या बजेटमध्ये टोइंगचा दंडही धरा. अप्पा बळवंत चौकापर्यंत बसने या, पुढे चाला. परत जाताना खोकी घेऊन रिक्षा. मीटरने येतो म्हणाला तर सांगा, त्याचा सत्कार करू.

फुकटचा_सल्ला | सकाळी ८:२०

यूपीएस कुणीच बोललं नाही! दर गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते, त्यात कामाची फाइल गेली की माणूस रडतो. ६०० व्हीएचा पुरे, म्हणजे साधारण ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला पाच-दहा मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला तेवढी बास. प्रिंटर मात्र त्याच्यावर लावू नका. लेझर तर नाहीच.

पेठेतला_पोपट | सकाळी ८:२६

गुरुवारी आमच्याकडे पाणी जातं. त्याला यूपीएस मिळतो का?

मुक्त_खिडकी | सकाळी ९:१०

टायपिंगच करायचंय तर विंडोजला पैसे कशाला? लिनक्स मिंट टाका. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डने छान होतं. पानं लावायची असतील तर स्क्रायबस आहे, १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरंही नीट येतात. माझ्या आईला मी गेली पाच वर्षं...

खडकीचा_खविस | सकाळी ९:१४

आला. म्हटलं अजून कसा आला नाही.

सांजवात | सकाळी ११:३०

ओंकार, एक विचारते. ‘टायपिंग वगैरे’ म्हणजे नक्की काय? आणि टायपिंग कोण करणार? मी वीस वर्षं डीटीपी (छपाईसाठी पानं लावणं) करते आहे. निळी पिन, २ जीबीच्या रॅम आणि ‘वगैरे’ हे एकत्र वाचून मला जरा शंका आली.

ओंकार_धायरी | दुपारी १:०५

हो ताई, डीटीपीच. मशीन माझ्या मामाचं आहे, नारायण पेठेत. पुस्तकांची, स्मरणिकांची कामं घेतो. पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर करतो, वय ६८, दुसरं काही शिकणार नाही म्हणतो. मशीन २००९ चं, विंडोज एक्सपी. त्याचं मराठीचं सॉफ्टवेअर आहे, त्याला मागे एक डबी लावावी लागते, तिला तो लॉक म्हणतो. ती मागच्या गुलाबी लांब पिनेत लागते. ती नव्या मशीनला लावू शकतो ना? हे मी सांगितलं नव्हतं का?

जुना_सोल्डर | दुपारी १:१२

नव्हतंस.

खडकीचा_खविस | दुपारी १:१३

नव्हतंस!! रात्री अकरा वाजता मी पहिला प्रश्न काय विचारला होता?

सांजवात | दुपारी २:४०

आता सगळ्यांनी कोरांवरून भांडणं थांबवा. ओंकार, उद्या काहीही विकत घेऊ नकोस, निदान हे वाचून होईपर्यंत.

ती गुलाबी पंचवीस छिद्रांची पिन म्हणजे पॅरलल पोर्ट, पूर्वी प्रिंटर लागायचा तिथे. आजच्या घरगुती बोर्डांवर ती सहसा येत नाही. यूएसबीला पॅरलल जोडणारी वायर मिळते, ती आणू नकोस, ती प्रिंटरपुरती असते. सॉफ्टवेअर लॉकशी थेट पोर्टाच्या पत्त्यावर बोलतं आणि त्या वायरीमागे तो पत्ताच नसतो. बोर्डात घालायचं कार्ड मिळतं, त्यावर काही लॉक चालतात, काही नाही. आणि ते चाललं तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे, २००९ च्या आधीच्या लॉकचा ३२ बिटचा ड्रायव्हर त्यात बसणार नाही.

लॉक नाही म्हणजे सॉफ्टवेअर नाही, सॉफ्टवेअर नाही म्हणजे मामांच्या सवयीची मराठी कळांची मांडणी नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर मामांची सगळी पुस्तकं उघडशील तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसेल. तीस वर्षांचं काम असेल त्यांचं.

मला एवढंच सांग: जुन्या मशीनला झालंय काय?

मुक्त_खिडकी | दुपारी २:५५

एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका की, म्हणजे नव्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या मशीनमध्ये.

सांजवात | दुपारी २:५८

अहो, लॉक खऱ्या पिनेत लागतो. व्हर्च्युअल पिनेत डबी कशी खुपसणार?

ओंकार_धायरी | दुपारी ४:२०

मामाला फोन केला. म्हणाला मशीन गेलं. म्हणजे काय विचारलं तर म्हणाला चालू होताना बीप वाजते, एफ१ दाबायला सांगतं, तारीख २००९ ची दाखवतं. आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बंद पडतं. पंख्याचा खूप आवाज येतो. महिनाभर असंच चाललंय.

जुना_सोल्डर | दुपारी ४:४१

तारखेचं आणि एफ१ चं कारण बोर्डावरचा सेल. गोल, नाण्याएवढा, सीआर२०३२. घड्याळवाल्याकडेही मिळतो. वीज पूर्ण काढून बदल, बायॉसमध्ये तारीख लाव. त्याआधी बायॉसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेव, पॅरलल पोर्टाची सेटिंगसुद्धा त्यातच असते, ती बदलली तर लॉक दिसायचा नाही.

बंद पडतंय ते सेलमुळे नाही. त्या काळच्या इंटेलचा पंखा बोर्डाला चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी अडकवलेला असतो. एखादी सुटली की पंखा तिरका होतो, प्रोसेसर तापतो, मशीन जीव वाचवायला बंद पडतं. पंखा गरगरतोय म्हणजे तेच असायची शक्यता जास्त. खुंट्या बघ, धूळ ब्रशने काढ, पंखा आणि प्रोसेसरच्या मधली सुकलेली पेस्ट पुसून नवीन लाव. तेवढ्याने नाही भागलं तर एसएमपीएस. आणि बोर्डावरचे छोटे गोल डबे (कपॅसिटर) वरून फुगलेत का तेही बघ.

सांजवात | संध्याकाळी ५:१०

सोल्डरभाऊंशी सहमत. पण सगळ्यात आधी हार्डडिस्क. १६ वर्षांची डिस्क आणि महिनाभर धाडधाड बंद पडतंय म्हणजे ती देवाच्या भरवशावर आहे. मामांच्या फायली आणि फाँटांचं फोल्डर, दोन्ही दोन ठिकाणी उतरवून घे. फाँट विसरतात लोक. मग ते मशीन नेटवरून कायमचं काढ. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय. मामांनी त्यावर पेजमेकर चालवावं आणि पीडीएफ पेनड्राइव्हने बाहेर यावी. मेल, प्रूफं पाठवणं, युनिकोडमध्ये (म्हणजे आजच्या मोबाइल-नेटवरच्या मराठीत) आलेला मजकूर बघणं यासाठी छोटं नवीन मशीन घ्यायचं तर घे. त्याला १२१०० सुद्धा खूप झाला. लॉक बदलून यूएसबीचा देतात का ते सॉफ्टवेअरवाल्यांना विचार. जुनी पावती सापडली तर बरं.

नर्मदेचा_गोटा | संध्याकाळी ५:३०

५६००जी.

ओंकार_धायरी | शनिवार, दुपारी १२:४८

दुकानात आहे. ५६००जी संपलाय म्हणतो. ५५०० घ्या, सेमच आहे, पाचशे कमी करतो म्हणाला. घेऊ का? पटकन सांगा, मागे रांग आहे

जुना_सोल्डर | दुपारी १२:४९

नाही!!! अक्षर वाच!

खडकीचा_खविस | दुपारी १२:४९

पडदा काळा राहील. १२१०० घे, एफ नको.

ओंकार_धायरी | रविवार, रात्री ९:१५

सर्वांना धन्यवाद. १२१०० घेतला (एफ नाही, तीनदा वाचलं), एच६१० डीडीआर४ बोर्ड, ८ जीबीची एकच काडी कारण दोन परवडेनात, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॉटची एसएमपीएस, साधं कॅबिनेट. सगळं बिलावर. बजेटच्या बाहेर गेलो, किती ते विचारू नका.

आज मामाकडे जुनं उघडलं. आधी फायली आणि फाँट दोन पेनड्राइव्हवर घेतले. चारपैकी एक खुंटी सुटलेलीच होती, पंखा एका बाजूने उचललेला. आत इतकी धूळ की मामी म्हणाली अंगणात ने. खुंटी बसवली, पेस्ट लावली, सेल बदलला. सकाळी अकरापासून चालू आहे, एकदाही बंद पडलं नाही. मामाने स्मरणिकेची चौदा पानं लावून टाकली.

आता मामा म्हणतो, माझं मशीन चांगलं आहे, ते नवीन खोकं तुझ्या घरी घेऊन जा, टेबलावर जागा अडते.

पण निळ्या पिनेचा मॉनिटर त्याच्याकडेच राहिला ना. तेव्हा मॉनिटर सुचवा. बजेट सहा हजार. पुढच्या शनिवारच्या आत.