घोड्यांसाठी एवढा थाट कशाला?

प्रश्न (भंडारा जिल्हा): आमच्या गावातील मालगुजारांच्या पडक्या वाड्यात घोड्यांची पागा आहे, तिच्या भिंतीत गव्हाणी आणि लोखंडी कड्या अजून दिसतात. इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथील पागा मात्र छायाचित्रात राजवाड्यासारखी भासते. जनावरांसाठी एवढा खर्च का केला असावा?

उत्तर १: भाऊ, ती पागा जेम्स पेन या वास्तुविशारदाने १७६० च्या सुमारास डेव्हनशायरच्या चौथ्या ड्यूकसाठी बांधली व तीत ८० घोड्यांची सोय होती. मधला चौक, सभोवती दगडी इमारत आणि प्रवेशद्वारावर घड्याळाचा मनोरा अशी तिची रचना असून, बग्गीतून येणाऱ्या पाहुण्यांवर धन्याच्या ऐश्वर्याची छाप पडावी हा हेतू त्यात उघड दिसतो.

उत्तर २: नुसता थाट नव्हे. अशा पागांमध्ये वरच्या माळ्यावर गवत साठवीत आणि ते खालच्या गव्हाणीत सोडीत. मोतद्दारही बहुधा वरच राहत. आपल्या वैशाखात मात्र असा बंदिस्त माळा म्हणजे भट्टीच, म्हणून आपल्याकडे मोकळी पडवी बरी.

उत्तर ३: ब्रायटनची शाही पागा तर विल्यम पोर्डनने १८०३ ते १८०८ या काळात चक्क भारतीय धाटणीत, सुमारे ८० फूट व्यासाच्या घुमटाखाली उभारली. तेथे आता संगीताच्या मैफली होतात.