ऑस्ट्रेलिया: मसुदा १८९१ चा, देश १९०१ चा. मधली दहा वर्षं गेली कुठे?

पानगळ (प्रश्न)
सहा ब्रिटिश वसाहती. भाषा एक, राणी एक, अंगावर चालून आलेला शत्रूही नाही. १८९१ च्या सिडनी अधिवेशनात घटनेचा मसुदा तयार झाला होता. तरी संघराज्य व्हायला १ जानेवारी १९०१ उजाडावा लागला. पुस्तकं ‘वसाहतींमध्ये मतभेद होते’ म्हणून विषय गुंडाळतात. घासाघीस नेमकी कशावर झाली? कोणी काय सोडलं, बदल्यात काय घेतलं? शिवाय १८९८ च्या सार्वमतात न्यू साउथ वेल्समध्ये ‘हो’ची मतं जास्त पडूनही प्रस्ताव फसला असं वाचलं. ते कसं काय?

खर्डेघाश
मसुदा चांगलाच होता. क्वीन्सलंडचे प्रीमियर (वसाहतीचे सरकारप्रमुख) ग्रिफिथ आणि मंडळींनी ईस्टरच्या सुट्टीत ‘ल्युसिंडा’ नावाच्या सरकारी आगबोटीवर बसून तो घासूनपुसून घेतला होता. घोळ झाला तो पुढच्या वाटचालीत. मसुदा मंजूर करायचा कोणी? प्रत्येक वसाहतीच्या संसदेने. पण कोणत्या मुदतीत, फेटाळला तर पुढे काय, हे कुठेच बांधलेलं नव्हतं. न्यू साउथ वेल्समध्ये पार्क्स यांचं सरकार पडलं, नव्या सरकारला घाई नव्हती, आणि बाकीचे ‘आधी त्यांचं होऊ दे’ म्हणून थांबले. त्यात १८९३ ला बँका बुडाल्या.

कोंडी फुटली ती त्याच वर्षी मरे नदीकाठच्या कोरोवा गावी भरलेल्या परिषदेत. व्हिक्टोरियाचे वकील जॉन क्विक यांनी क्रमच उलटा केला: आधी प्रत्येक वसाहतीने कायदा करायचा, त्या कायद्याखाली लोकांनी प्रतिनिधी निवडायचे, प्रतिनिधींनी मसुदा करायचा आणि तो थेट सार्वमताला टाकायचा. म्हणजे कायदा एकदा झाला की संसदेला मसुदा दाबून ठेवता येत नाही. १८९७-९८ चं अधिवेशन (ॲडलेड, सिडनी, मेलबर्न) याच वाटेने झालं. प्रत्येकी १० प्रतिनिधी, पाच वसाहती. क्वीन्सलंड आलंच नाही आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे दहा जण संसदेने निवडले, लोकांनी नव्हे.

१८९८ चं कोडं सोपं आहे. न्यू साउथ वेल्सच्या संसदेने आपल्या कायद्यात अट घातली होती की ‘हो’ची किमान ८०,००० मतं हवीत. आधी ती ५०,००० होती, विरोधकांनी वाढवून घेतली. मतं पडली ७१,५९५ विरुद्ध ६६,२२८. बहुमत मिळालं, उंबरठा चुकला.

जकातनाका
वरचं सगळं बरोबर, पण खरी गाठ पैशाची होती. तेव्हा वसाहतींच्या करउत्पन्नाचा मोठा वाटा सीमाशुल्काचा. संघराज्य झालं की आपसातली जकात बंद आणि बाहेरच्या मालावरची केंद्राकडे. म्हणजे राज्यांची तिजोरी एका फटक्यात रिकामी. वर व्हिक्टोरिया संरक्षक जकातीची (बाहेरच्या मालावर चढी जकात लावून स्थानिक धंदे जपणारी), न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापाराची. एकच दर ठरवायचा तर कोणाचा?

यावर टास्मानियाचे प्रीमियर ब्रॅडन यांनी तोडगा काढला (कलम ८७): सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्काच्या निव्वळ उत्पन्नातला जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्राने वापरायचा, तीन चतुर्थांश राज्यांना. आता गणित करून बघा. केंद्राला १ पौंड खर्चायचा तर ४ पौंड गोळा करावे लागणार, म्हणजे दर चढेच राहणार. सिडनीचे खुल्या व्यापारवाले खवळले ते यामुळे. विरोधकांनी या कलमाला ‘ब्रॅडनचा डाग’ असं नाव ठेवलं.

दुसरं किचकट काम हिशेबाचं. माल सिडनीत उतरला आणि क्वीन्सलंडमध्ये खपला तर शुल्क कोणाच्या खात्यावर? जिथे खपला त्या राज्याच्या, एकसमान दर लागू झाल्यापासून पहिली पाच वर्षं. त्यामुळे सीमेवरची जकात गेली तरी मालाची नोंद सुटली नाही. आपल्याकडे जीएसटी आणताना राज्यांना पाच वर्षांची भरपाई कबूल करावी लागली, त्याच जातीचं दुखणं.

नीरक्षीर
सिनेटबद्दल (केंद्रीय संसदेचं वरिष्ठ सभागृह) कोणीच बोललं नाही! १९०१ च्या जनगणनेत न्यू साउथ वेल्स साडेतेरा लाखांचं, टास्मानिया पावणेदोन लाखांच्या आतबाहेर. तरी दोघांना सारखेच ६ सिनेटर. एवढं मोठ्यांनी मान्य केलं, पण मग त्या सिनेटच्या हाती पैशाच्या चाव्या द्यायच्या का? ॲडलेडला २५ विरुद्ध २३ मतांनी ठरलं की करविधेयकात सिनेटने दुरुस्ती करायची नाही. फेटाळता येईल, बदल सुचवून विधेयक परत पाठवता येईल. छोट्या वसाहतींतले काही प्रतिनिधी फुटले म्हणून हे जमलं, नाहीतर अधिवेशन तिथेच मोडलं असतं.

दोन्ही सभागृहं अडून बसली तर दोन्ही बरखास्त, फेरनिवडणूक, आणि तरीही तिढा राहिला तर संयुक्त बैठक. आपल्या घटनेतल्या कलम १०८ ची संयुक्त बैठक इथूनच आली असं अभ्यासक्रमात शिकवतात. पण परीक्षेला बसणाऱ्यांनी फरक ध्यानात ठेवावा: तिथे आधी निवडणूक लागते, आपल्याकडे नाही. म्हणून तिथे अशी बैठक आजवर एकदाच झाली, १९७४ ला.

पानगळ
८०,००० चा उलगडा झाला, आभार. मग १८९९ ला तेच न्यू साउथ वेल्स तयार कसं झालं? आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया?

खर्डेघाश
जानेवारी १८९९ च्या अखेरीस सहाही प्रीमियर मेलबर्नला बंद दाराआड बसले. न्यू साउथ वेल्सचे रीड पडलेल्या सार्वमताचं वजन घेऊनच आले होते. त्यांना मिळालं ते असं: ब्रॅडन कलमाला १० वर्षांची मुदत, संयुक्त बैठकीत तीन पंचमांशाऐवजी एकूण सदस्यसंख्येचं साधं बहुमत, आणि राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये. मात्र ती सिडनीपासून किमान १०० मैल लांब आणि तोवर संसद मेलबर्नला, ही व्हिक्टोरियाची वसुली. (‘तोवर’ चालला १९२७ पर्यंत.) छोट्यांची समजूत काढायला कलम ९६ घातलं: केंद्र हव्या त्या राज्याला, हव्या त्या अटींवर अर्थसाहाय्य देऊ शकेल. तेव्हा किरकोळ वाटलेलं हे कलम पुढे केंद्राचं सगळ्यात मोठं हत्यार ठरलं. जून १८९९ ला निकाल १,०७,४२० विरुद्ध ८२,७४१. सप्टेंबरात क्वीन्सलंडही आलं, ३८,४८८ विरुद्ध ३०,९९६.

जकातनाका
वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला स्वतंत्र गाजर: कलम ९५. इतर राज्यांच्या मालावर पाच वर्षं स्वतःची जकात. पहिल्या वर्षी पूर्ण, मग चार पंचमांश, तीन, दोन, एक आणि शून्य. तरी पर्थचं सरकार चालढकल करत होतं. तेव्हा सोन्याच्या खाणीवाल्या भागाने ‘आम्हाला वेगळी वसाहत करा, आम्ही एकटे संघराज्यात जातो’ असा सुमारे अठ्ठावीस हजार सह्यांचा अर्ज राणीकडे धाडला. त्या धाकाने सार्वमत लागलं, तेही ३१ जुलै १९०० ला. संघराज्याच्या घटनेच्या कायद्याला राणीची संमती ९ जुलैलाच झाली होती. म्हणून कायद्याच्या प्रस्तावनेत पाचच वसाहतींची नावं आहेत.

नीरक्षीर
यात आदिवासी कोणत्या बाजूला होते, तर कुठल्याच नाही. कलम १२७ ने त्यांना लोकसंख्येच्या मोजणीतूनच वगळलं. ही मोजणी जागा आणि पैसा वाटायला लागणार होती. ते कलम निघालं १९६७ च्या सार्वमताने.