सकाळची प्रार्थना आठवडाभरात बंद पडते, नेमकं काय चुकतं?

प्रश्न
सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. सकाळी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. डोळे मिटले की मन कामांकडे धावतं, आणि मागणंही तेच ते: आरोग्य, मुलं, नोकरी. नेम टिकत नाही. एखादी पक्की पद्धत सांगाल का?

उत्तर १
सुरुवातच स्वतःच्या शब्दांनी केली तर ते लवकर संपतात, मग मन भटकणारच. आधी पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) १५० स्तोत्रांपैकी एक स्तोत्र वाचा, तेही ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल असं. कोणतं, ते तारखेवरून ठरवा. ७ तारीख असेल तर ७वं, किंवा तीस-तीस मिळवत ३७, ६७, ९७, १२७. पाचही वाचायचा हट्ट नको, एक पुरे. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला दुसरं घ्या. २९ तारखेच्या ओळीत मात्र ११९वं येतं. त्यात १७६ वचनं आहेत. ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत रचलेलं आहे, म्हणून वेगळं काढून रोज एक भाग वाचावा.

ज्या वचनाशी मन अडेल तिथेच थांबा आणि ते देवाशी बोला. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" असं वाचलंत, तर आजच्या कोणत्या वाटेवर त्याने पुढे चालावं ते सांगा. तुमची प्रार्थना इथून सुरू होते.

उत्तर २
वरचं पटलं, पण मागण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही (मत्तय ६:९-१३) रोजची भाकर मागितली आहे. फक्त ती चौथी येते. आधी देवाचं नाव, राज्य, इच्छा. हाच क्रम धरा. त्याच प्रार्थनेत पुढे 'ऋण सोड', म्हणजे अपराधांची क्षमा कर, असं म्हणताना ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या. ही जागा घाईत सुटते, आणि नेमकी तीच सोडू नये.

मध्यस्थीसाठी, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थनेसाठी, वही करा, वारानुसार सात पानं, पानावर चार-पाच नावं. सगळ्यांची नावं रोज घेतली की हजेरी होते. 'आशीर्वाद दे' एवढ्यावर सोडू नका. 'उद्याच्या तपासणीत धीर दे' असं नेमकं मागा. आठवलेलं काम त्याच वहीत एका ओळीत टिपा, काळजी असेल तर तिचीच विनंती करा (फिलिप्पैकरांस ४:६). वाचायला छापील पवित्र शास्त्र घ्या. मोबाइलवर वाचताना मध्येच संदेश येतात.

प्रश्नकर्ता
आभार. पण देव ऐकतच नाही असं वाटतं, त्या दिवशी स्तुती खोटी वाटते. तेव्हा?

उत्तर १
त्या दिवशी स्तुती ओढून आणू नका, विलापस्तोत्र घ्या. १३व्यात सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत 'कुठवर?' हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत विनंती, शेवटच्या दोनांत भरवसा. भरवशापर्यंत पोहोचता आलं नाही तर विनंतीवर थांबा. तीही जमत नसेल तर ८८वं आहे. ते अंधारातच संपतं. तेवढंच वाचून आमेन म्हणा आणि उठा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी बसा.