बाबांचा २०१४ चा पीसी: दुरुस्त करू की नवीनच घेऊ?

घाटावरचा_कोकणी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीला बाबांकडे असेंबल्ड डेस्कटॉप आहे, २०१४ ला गणपतीच्या आधी घेतलेला. इंटेलचा आय३ चौथी जनरेशन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सध्या असं चाललंय की सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून आलं की डेस्कटॉप दिसतो, आणि एक क्लिक केलं की परत गोल गोल फिरत बसतं. लाइट गेली की तारीख १ जानेवारी २०१३ होते, मग कुठलीही साइट उघडा, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतं. या पावसाळ्यात दोनदा तर चालूच झाला नाही, पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आणि आतून लांब लांब बीप. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेला सांगितलं, साडेसहा हजार होतील, आणि वर म्हणे त्यापेक्षा नवीनच घ्या ना काका, पस्तीस हजारात देतो.
बाबा ७२ वर्षांचे. त्यांचं मुख्य काम म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, नऊ वर्षं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतायत, चारशेच्या वर पानं झालीत. बाकी मग यूट्यूबवर कीर्तनं. लॅपटॉप नको म्हणतात, अक्षरं बारीक दिसतात. मी पुण्यात, महिन्यातून एकदा जातो. काय करू?

पान्हा_पक्कड
आधी कुलवृत्तांत वाचवा! बाकी सगळं नंतर. पेनड्राइव्हवर एक कॉपी, गूगल ड्राइव्हवर एक, आजच फोन करून शेजारच्या पोराला सांगा.
आता मशीनचं. तुम्ही एक आजार म्हणून सांगताय पण हे तीन वेगवेगळे आहेत. तारीख मागे जाते कारण मदरबोर्डवरचा सेल संपलाय, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे तीस-चाळीस रुपयांत मिळतो. तारीख २०१३ ची झाली की साइटची सर्टिफिकेटं चुकीची वाटतात, म्हणून ती ओरड, व्हायरस वगैरे काही नाही. लांब बीप म्हणजे बहुतेक वेळा रॅम, आणि कोकणात पावसाळ्यात तर हे ठरलेलं, दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर धरतो. मेन स्विच बंद करून वायर काढा, रॅम काढून ती पट्टी साध्या खोडरबरने घासा, भुगा फुंकू नका, ब्रशने झाडा (फुंकलं की थुंकी जाते), परत बसवताना दोन्ही बाजूंनी टक्क आवाज आला पाहिजे. आणि चहा होईपर्यंतचा उशीर हा हार्ड डिस्कचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असेल बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, पिवळ्यात कॉशन दिसलं तर डिस्क जायच्या वाटेवर आहे.
कॅबिनेट न उघडता मदरबोर्ड गेला सांगणारा माणूस बदला आधी.

सरळसोट
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. अकरा वर्षं झाली, पैसे वसूल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलचं आठवं किंवा पुढचं लागतं आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण. जुगाड करून टाकता येतं पण पुढे एखादा अपडेट अडला तर ७२ वर्षांचे काका काय करणार? पेन्शनचं बँकेचं काम त्यावर करत असतील तर मी तरी हो म्हणणार नाही. आज दोन हजार, सहा महिन्यांनी एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय), मग अजून काहीतरी, हे संपत नाही.

पान्हा_पक्कड
@सरळसोट मुद्दा बरोबर आहे पण थोडी मुदत हातात आहे की. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला एनरोलचा पर्याय आलाय, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट फुकट मिळतात. फक्त विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं.
माझा हिशोब सोपा असतो. जो पार्ट पुढच्या मशीनला लावता येईल त्यावर खर्च करायचा, जो याच मशीनबरोबर भंगारात जाईल त्यावर नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) घ्या, उद्या नवीन पीसीत लागेल. मॉनिटर, यूपीएस तसंच. पण डीडीआर३ (जुन्या प्रकारची) रॅम किंवा त्या जुन्या सॉकेटचा मदरबोर्ड? त्याला साडेसहा हजार म्हणजे मेलेल्या म्हशीला वैरण. खरंच बोर्ड गेला असेल तर तिथेच थांबा.

लॅमिंग्टनची_वारी
बोर्ड गेलाच असेल तर एकदम नवीन पण नको, रिफर्बिश्ड बघा. ऑफिसमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, आय५ आठवी जनरेशन, विंडोज ११ अधिकृत चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने असतात. एकच बघून घ्या, छोट्या कॅबिनेटवाल्यांचा एसएमपीएस कंपनीचा वेगळा असतो, रत्नागिरीत तो गेला तर पटकन मिळणार नाही, म्हणून मोठा टॉवर घ्या. आणि सध्या रॅमचे भाव काहीच्या काही चढलेत, त्यामुळे ८ किंवा १६ जीबी आत असलेलाच उचला, नंतर टाकू म्हणू नका.

मुद्राराक्षस
वीस वर्षं डीटीपी (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम) केलंय म्हणून सांगतो, तुमची खरी अडचण पीसी नाहीच, श्रीलिपी आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं) नसतो, दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की चारशे पानं म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. नवीन मशीनचं नाव काढायच्या आधी श्रीलिपीच्या डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची चावी) ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का विचारा. आणि जुना चालू आहे तोवर सगळ्याची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात, तिथे हमखास गडबड होते. हे काम बाबांनाच द्या.

घाटावरचा_कोकणी
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार जाऊन आलो. रॅमची पट्टी काळपट पडलेली, रबराने घासल्यावर चकाकली आणि पहिल्या फटक्यात चालू. सेल बदलला. एसएमपीएसच्या जाळीत पालीची दोन अंडी होती, ती बाबांनी स्वतः कागदावर घेऊन परसात ठेवली. डिस्क कॉशनच दाखवत होती, म्हणून पुण्याहून नेलेल्या २५६ जीबी एसएसडीवर क्लोन (जशीच्या तशी कॉपी) केली, एके ठिकाणी तासभर अडकली तेव्हा माझा जीव खालीवर, पण झाली. आता अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप. एनरोल पण केलं. बँकेचं काम मोबाइलवरच करतात म्हणाले, तो प्रश्न सुटला. २०२६ च्या दिवाळीला रिफर्बिश्ड टॉवर, तोवर पीडीएफ आणि कन्व्हर्जन. डोंगलच्या ड्रायव्हरचं अजून कळलं नाही. जुनी डिस्क फेकायची नाही असा हुकूम आहे, कपाटात तांब्याच्या भांड्यांशेजारी ठेवलीय.

मुद्राराक्षस
डोंगलवर व्हर्जन छापलेलं असेल, त्याचा फोटो टाका. आणि कुलवृत्तांत कुठल्या घराण्याचा? आमचे पण मूळ गुहागरकडचे.