फिजिक्सचा नाद लागलेल्या गोव्यातल्या मुलांसाठी तुमचे अनुभव हवेत

माझा भाचा बारावीला आहे, डिचोलीजवळ राहतो आणि त्याला फिजिक्सच करायचंय. घरी सगळ्यांचा जीव इंजिनियरिंगमध्ये अडकलाय, आजी तर रोज विचारते, "फिजिक्स शिकून कितें करतलो तूं?" आणि मी कॉमर्सवाली, माझ्याकडेही उत्तर नाही. पण गेल्या महिन्यात त्याने ओसरीवर वाशाला सुतळीने कुलूप टांगलं, सुतळी बरोबर एक मीटर, वीस झोके मोजले, साडेचाळीस सेकंद. त्यावरून जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, काढला तर 9.6 आला, हवा होता 9.8. जवळपास आलंय ना, सोड आता, असं मी म्हटलं, पण हा दोन दिवस त्या कुलपाभोवती फिरत होता आणि मग त्याला कळलं की लांबी कुलपाच्या मध्यापर्यंत धरायची असते, ते दोन सेंटिमीटर राहिले होते. ते धरले आणि 9.8 आला. "मावशी, आला!" म्हणत धावत आला तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता. असं पोर आपण नुसत्या भीतीने दुसरीकडे वळवायचं का? जे या वाटेने गेलेत, जे मध्येच परत फिरले, सगळ्यांनी लिहा. पैशाचंही लिहा, त्याच्या बाबांचा पहिला प्रश्न तोच आहे.

फोंड्याहून

मग पैशापासूनच सुरू करतो. बाबांचा खनिजाचा ट्रक होता, 2012 ला मायनिंग बंद झालं तेव्हा मी एफवायला. ट्रक दारात उभा, बँकेचे हप्ते चालू. सगळे म्हणाले बीएस्सी सोड आणि काहीतरी कामाचं कर, आई एकटी ठाम राहिली. पुढे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी केलं, रोज कदंबने ये-जा, नेटचे, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षेचे, जुने पेपर मी बसमध्येच सोडवलेत. 2017 ला जेआरएफ, म्हणजे ती फेलोशिप, मिळाली तेव्हा महिन्याला 25,000 होते, 2023 पासून 37,000 झालेत, घरभाड्याचे वेगळे. पीएचडी करताना पैसे मिळतात हेच आमच्या वाड्यावर कुणाला माहीत नव्हतं, पहिली रक्कम जमा झाली तेव्हा बाबांनी पासबुक दोनदा वाचलं. एक सांगून ठेवतो, आमचे पैसे एकदा पाच महिने अडकले होते, त्यामुळे मिळतील त्यातले थोडे बाजूला ठेवायचेच.

सत्तरीतून

माझा अनुभव भाषेचा आहे. चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठीतून आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजी. अकरावीत मी इनर्शियाची व्याख्या घडाघडा म्हणायचे पण चोर्ला घाटाच्या वळणावर बसमध्ये आपण बाहेरच्या बाजूला का कलंडतो ते विचारलं असतं तर गप्प. एका मॅडमनी सांगितलं, आधी मराठीत स्वतःला समजाव, मग इंग्रजीत लिही. तेव्हापासून वहीच्या डाव्या पानावर जडत्व, संवेग, बल करत माझ्या भाषेत लिहायचे, उजव्या पानावर परीक्षेचं. त्याने माझा वेग कमी झाला पण गणितं सुटायला लागली. बारावीनंतर आयसर पुण्यात, विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत, पाच वर्षांच्या बीएस-एमएसला गेले, इन्स्पायर या सरकारी शिष्यवृत्तीचे वर्षाला 80,000 मिळायचे. पहिल्या सेमिस्टरला दिल्ली-मुंबईची मुलं बघून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडलेय, हेही लिहिते, कारण त्याचीही ती वेळ येईल.

म्हापशाहून

थोडक्यात परीक्षांचं. बारावीनंतर आयसरसाठी आयएटी, तशाच भुवनेश्वरच्या नायसरसाठी नेस्ट. झुआरीनगरच्या बिट्समध्ये एमएस्सी फिजिक्ससोबत इंजिनियरिंगची डिग्री घेता येते, घरच्यांना तो मधला मार्ग पटतो, फी मात्र आधी बघा. साधं बीएस्सी केलं तर नंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम. त्यात 60 पैकी 20 प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून टाइप करायचा, तिथे कुलूपवाली सवय कामाला येते.

दोना पावलाहून

मी फिजिक्स केलं आणि समुद्राकडे गेले. इथे एनआयओ ही 1966 ला सुरू झालेली समुद्रविज्ञानाची संस्था आहे, वास्कोला अंटार्क्टिकाचं काम बघणारी संस्था आहे, पण गोव्यातल्याच किती मुलांना माहीत असतं की तिथे फिजिक्सवाले लागतात? मला पहिल्यांदा मांडवीने वेड लावलं. नदी आत जाताना अरुंद होत जाते, म्हणजे भरतीचं पाणी दाटून चढायला हवं, पण तळाचं घर्षण ते उतरवत असतं. मांडवीत ही दोन्ही जवळजवळ एकमेकांना फेडतात आणि भरतीची उंची चाळीसेक किलोमीटर आतपर्यंत फारशी बदलत नाही, गांजेच्या बाजूला मग झपाट्याने उतरते. लहानपणापासून फेरीबोटीतून ये-जा केली पण हे कधी दिसलं नव्हतं. चंद्राची मुख्य भरती 12 तास 25 मिनिटांनी येते, तिच्याबरोबर आणखी कितीतरी लहान-मोठी आवर्तनं मिसळलेली असतात आणि ती सुटी करायला बीएस्सीला शिकलेलं तेच ऑसिलेशन्सचं, म्हणजे झोक्यांचं, गणित लागतं. भाच्याला सांगा, झोके मोजतोय ते अजिबात पोरखेळ नाही.

पेडण्याहून

मी पीएचडी अडीच वर्षांनी सोडली. अतिथंड तापमानाची लॅब होती, व्हॅक्यूम टिकेना. तीन महिने प्रत्येक जोडावर हेलियम फवारून गळती शोधली, शेवटी एका ओ-रिंगवर, म्हणजे जोड घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर, केस सापडला, माणसाचा एक केस. तो काढल्यावर पंपावरचा दाबाचा आकडा खाली खाली जाताना पाहिला ती रात्र माझ्या आयुष्यातली फार मोठी रात्र आहे. सोडलं ते वडिलांच्या आजारपणामुळे, घरी दुसरं कोणी नव्हतं. आता हायर सेकंडरीला शिकवतो. मी शिकलो तिथे प्रकाशाच्या प्रयोगांचा ऑप्टिकल बेंच वर्षभर कपाटात कुलूपबंद असायचा आणि परीक्षेच्या आधी आठ दिवस बाहेर यायचा, म्हणून माझ्या लॅबचं कपाट मी उघडं ठेवतो, दोन लेन्स फुटल्यात, फुटू देत. घरच्यांना एवढंच सांगेन की दर वर्षी शेवटपर्यंत सगळे पोचत नाहीत आणि तरी मला त्या वर्षांचा पश्चात्ताप नाही.

धागा काढणारी

सगळं त्याला आणि त्याच्या बाबांना वाचून दाखवलं. बाबा पासबुकाच्या ठिकाणी थांबले, "परत वाच" म्हणाले. भाच्याचा प्रश्न दोना पावलाच्या ताईंना आहे: उंची तीच राहते तर भरती पणजीला आणि आत एकाच वेळी येते का? तुम्ही उत्तर द्यालच, पण लगेच नका देऊ. रविवारी तो मांडवीवरच्या आमोण्याच्या पुलावर वही-घड्याळ घेऊन बसणार आहे, पणजीची वेळ टिपायचं काम माझ्याकडे दिलंय.