२३ की २६? दोन्ही बरोबर असू शकतात

वडिलांची हृदयातली महाधमनीची झडप छाती न उघडता, नळीतून बदलायची आहे (टावी); एका डॉक्टरांनी २३ मिमीची झडप सांगितली, दुसऱ्यांनी २६ ची, म्हणजे कुणीतरी चुकतंय असा सूर तुमच्या प्रश्नात दिसतोय. तसं असेलच असं नाही. तुम्ही दिलेलं रिंगचं (नवी झडप जिथे बसते त्या कड्याचं) ४३० चौ. मिमी क्षेत्रफळ सेपियन ३ या फुग्याने फुगवायच्या झडपेच्या मापांच्या तक्त्यात नेमकं सीमेवर येतं. २३ ची झडप पूर्ण फुगल्यावर साधारण ४०९ चौ. मिमी होते, २६ ची ५१९. म्हणजे एक पाच टक्के तोकडी, दुसरी वीस टक्के मोठी. तोकडी बसली तर कडेने गळती. मोठी बसवताना झडपेच्या खाली, डाव्या जवनिकेतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) रक्त बाहेर पडतं त्या वाटेवर कॅल्शियमचा जाड खडा असेल तर रिंग फाटण्याची भीती. पहिला प्रश्न हाच विचारा: सीटीत तिथे कॅल्शियम किती? फारसं नसेल तर काही जण २६ चीच घेऊन फुग्यात थोडं कमी पाणी भरतात.

वापीच्या मेरिल कंपनीच्या मायव्हॅल या झडपेत मधली मापंही मिळतात. २४.५ ची इथे दहाएक टक्के मोठी पडेल, जे बरंच सोयीचं.

इव्होल्यूट या आपोआप उघडणाऱ्या झडपेचं माप मात्र रिंगच्या परिघावर ठरतं. परिघ ७४ मिमीच्या आसपास असेल तर तिथे २९ ची सांगतील. आकडा बघून दचकू नका, कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत (चपलांसारखंच). इव्होल्यूटमधून रक्ताला वाट सहसा मोठी मिळते, पण पेसमेकर लागण्याची शक्यता जास्त.

आणि साध्या इकोतल्या (हृदयाच्या सोनोग्राफीतल्या) २१ मिमी व्यासावर अडून बसू नका. रिंग लंबगोल असते, इको तिची एकच बाजू मोजतो.